स्टीलच्या बांधकामाचे ड्रॉइंग कसे वाचावे: वर्कशॉपपासून उभारणीपर्यंत

आयटीआयमध्ये फिटर ट्रेडची दोन वर्षे पूर्ण करून मी भोसरीच्या एका फॅब्रिकेशन वर्कशॉपमध्ये कामाला लागलो, तेव्हा आपल्याला ड्रॉइंग वाचता येते अशी माझी ठाम समजूत होती. व्ही-ब्लॉक, ब्रॅकेट, नट-बोल्ट अशा वस्तूंची तीन-तीन दृश्ये मी कितीतरी वेळा काढली होती. पहिल्याच आठवड्यात फोरमनने हातात दिलेल्या शीटवर मात्र एकच बीम होता, त्याच्याभोवती पन्नासेक आकडे होते, कडेला बारीक अक्षरांतले तीन तक्ते होते आणि मी सवयीप्रमाणे मधल्या चित्राकडे पाहत बसलो होतो. फोरमनने शीट काढून घेतले, त्याची घडी घातली आणि उजवीकडचा खालचा कोपरा तेवढा माझ्यासमोर धरला. स्टीलचे ड्रॉइंग कडेपासून आत वाचायचे असते आणि चित्राची पाळी सर्वांत शेवटी येते, हे त्यांनी त्या दिवशी मला शिकवले. पुढील पायऱ्या त्याच क्रमाने लिहिल्या आहेत.

हा लेख स्ट्रक्चरल स्टीलपुरता आहे, म्हणजे कारखान्याची शेड, मेझनाइन (शेडच्या आतला मधला मजला), पाइप रॅक यांसारख्या कामांसाठी. आरसीसीच्या सळ्यांचे वेळापत्रक हा वेगळा विषय आहे आणि तो येथे घेतलेला नाही. समजायला सोपे जावे म्हणून सगळीकडे एकच उदाहरण वापरले आहे: एका शेडच्या आतला मेझनाइन, ज्याचे खण एका दिशेने ६ मीटरचे आणि दुसऱ्या दिशेने ८ मीटरचे आहेत, कॉलम ३०० मि.मी. खोलीचे आहेत आणि त्यांच्या फ्लॅंजना, म्हणजे आय आकाराच्या कडेच्या रुंद पट्ट्यांना, ६ मीटरच्या दिशेने आयएसएमबी ३०० चे (३०० मि.मी. खोलीचे आय आकाराचे) बीम जोडलेले आहेत.

सुरुवात करण्यापूर्वी जवळ काय असावे

कागदपत्रांमध्ये पुढील गोष्टी लागतात:

- ड्रॉइंग रजिस्टर, म्हणजे कोणत्या शीटची कोणती रिव्हिजन चालू आहे याची यादी
- जनरल अरेंजमेंट ड्रॉइंग, म्हणजे संपूर्ण रचनेचा आराखडा
- अँकर बोल्ट प्लॅन, म्हणजे फाउंडेशनमध्ये रोवलेल्या बोल्टच्या जागा
- मार्किंग प्लॅन, ज्याला काही ठिकाणी इरेक्शन ड्रॉइंग म्हणतात
- असेंब्ली ड्रॉइंग आणि सुट्या पार्टची ड्रॉइंग
- बिल ऑफ मटेरियल (मालाची यादी), बोल्ट लिस्ट आणि मंजूर वेल्डिंग प्रोसिजर

साधनांमध्ये स्टीलचा मेजरिंग टेप, गुण्या, ओळंबा, लेव्हल बॉटल, सेंटर पंच, वेल्डचा फिलेट गेज, कॅल्क्युलेटर आणि लाल पेन्सिल पुरे. आयएस ८०८ या भारतीय मानकातील सेक्शनचे तक्ते असलेले स्टील टेबलचे पुस्तक खिशात नसले तरी टेबलावर असावेच, कारण बीमच्या फ्लॅंजची रुंदी किंवा वेबची, म्हणजे दोन फ्लॅंज जोडणाऱ्या मधल्या पट्टीची, जाडी प्रत्येक शीटवर लिहिलेली नसते. चित्रावर पट्टी ठेवून माप काढण्याची सोय व्हावी म्हणून स्केल पट्टी जवळ ठेवू नका. तिचा मोह का टाळायचा, ते दुसऱ्या पायरीत सांगितले आहे.

१. हातातले शीट कोणत्या प्रकारचे आहे ते ठरवा

एका इमारतीची ड्रॉइंग म्हणजे एक कुटुंब असते आणि प्रत्येक सदस्याचे काम वेगळे असते. डिझाइन करणारा इंजिनिअर जे ड्रॉइंग काढतो त्यात बीमचा आकार, जोडणीचा प्रकार आणि त्यावर येणारा भार असतो. पण त्यावरून स्टील कापता येत नाही, कारण बीम नेमका किती लांबीचा कापायचा आणि भोक टोकापासून किती अंतरावर पाडायचे हे त्यात नसते. ते काम डिटेलर करतो आणि त्यातून शॉप ड्रॉइंग तयार होतात. शॉप ड्रॉइंगमध्येही दोन थर असतात. सुट्या पार्टच्या शीटवर एक प्लेट किंवा एक क्लीट (जोडणीचा अँगलचा छोटा तुकडा) स्वतंत्रपणे दाखवलेली असते, तर असेंब्लीच्या शीटवर ते सर्व पार्ट मुख्य बीमला कोठे आणि कसे जोडायचे ते दाखवलेले असते. कटिंग आणि ड्रिलिंग करणाऱ्याला पहिले शीट लागते, फिटर आणि वेल्डरला दुसरे.

साईटवरच्या माणसाला यांपैकी कोणतेही फारसे लागत नाही. त्याला मार्किंग प्लॅन लागतो, ज्यावर प्रत्येक तयार पीसचा नंबर आणि त्याची जागा असते. नव्या सुपरवायझरची नेहमीची चूक म्हणजे तो असेंब्ली ड्रॉइंग घेऊन साईटवर जातो आणि बीम कोणत्या कॉलमला लावायचा हे त्यात शोधत बसतो.

२. टायटल ब्लॉक आणि रिव्हिजन वाचा

उजवीकडच्या खालच्या कोपऱ्यात ड्रॉइंग नंबर, रिव्हिजन, तारीख, स्केल आणि शीट कशासाठी दिले आहे त्याची नोंद असते. ही शेवटची नोंद सर्वांत महत्त्वाची. ‘मंजुरीसाठी’ दिलेल्या शीटवर स्टील कापणे म्हणजे मंजुरी बदलली तर होणारे नुकसान स्वतःच्या अंगावर घेणे होय. ‘फॅब्रिकेशनसाठी’ किंवा जीएफसी, म्हणजे ‘बांधकामासाठी योग्य’, असा शिक्का असलेलेच शीट वर्कशॉपमध्ये उतरले पाहिजे. काही सल्लागार मंजुरीच्या शिक्क्यात एक, दोन, तीन असे कोड वापरतात. प्रत्येक कार्यालयात त्यांचा अर्थ वेगळा असू शकतो, म्हणून शिक्क्यातच छापलेली बारीक ओळ वाचावी आणि मागच्या कामाच्या आठवणीवर विसंबू नये.

रिव्हिजनमध्ये बदललेल्या भागाभोवती ढगासारखी नागमोडी रेघ आणि जवळ त्रिकोणात रिव्हिजनचा नंबर असतो. पुढची रिव्हिजन आली की आधीचा ढग सामान्यतः काढून टाकतात. त्यामुळे मधली एक रिव्हिजन तुमच्या हाती आलीच नसेल, तर त्यातला बदल ढगावरून कळणार नाही. अशा वेळी जुने आणि नवे शीट शेजारी ठेवून एकेक आकडा ताडून पाहण्याला पर्याय नाही. रद्द झालेले शीट फाडून टाकू नये, त्यावर लाल पेन्सिलने ‘रद्द’ असे लिहून ते वेगळ्या फाइलमध्ये ठेवावे, कारण आधी कापलेला माल कोणत्या रिव्हिजनवर कापला होता याचा पुरावा तेवढाच असतो.

आता स्केलविषयी. ड्रॉइंग ए१ आकाराच्या शीटसाठी काढलेले असते आणि आपल्याकडे साईट ऑफिसमधल्या प्रिंटरवर ते ए३ वर छापले जाते. ए१ म्हणजे ५९४ × ८४१ मि.मी. आणि ए३ म्हणजे २९७ × ४२०, म्हणजे प्रत्येक बाजू निम्मी. टायटल ब्लॉकमध्ये १:१० लिहिलेले असले तरी तुमच्या हातातला कागद प्रत्यक्षात १:२० चा झालेला असतो. शिवाय काही वेळा डिटेलर चित्र न बदलता फक्त आकडा बदलतो. म्हणून जवळपास प्रत्येक शीटवर ‘स्केल करू नये’ अशी ताकीद छापलेली असते. लिहिलेला आकडा हाच खरा, आणि तो नसेल तर विचारायचे.

३. जनरल नोट्स पूर्ण वाचा

ही पायरी कंटाळवाणी आहे आणि म्हणूनच सर्वांत जास्त टाळली जाते. चित्रात जे लिहिलेले नाही ते सगळे येथे असते: स्टीलचा ग्रेड, बोल्टचा ग्रेड, कोणते इलेक्ट्रोड वापरायचे, रंग किती जाडीचा आणि कोठे लावायचा नाही. ‘यूएनओ’ ही अक्षरे म्हणजे ‘वेगळे नमूद केले नसेल तर’. समजा नोट्समध्ये लिहिले आहे की सर्व फिलेट वेल्ड (दोन प्लेटांच्या कोपऱ्यात भरलेले वेल्ड) ६ मि.मी., यूएनओ, तर चित्रात आकार न लिहिलेला प्रत्येक फिलेट वेल्ड ६ मि.मी.चा धरायचा. ‘टीवायपी’ याचा अर्थ ‘यासारख्या सर्व ठिकाणी हेच’. एका भोकाजवळ लिहिलेला आकडा मग तशाच दिसणाऱ्या सर्व भोकांना लागू होतो, पण तशीच कोणती, हे मात्र शंका आल्यास विचारून घ्यावे.

ग्रेडबाबत विशेष सावध राहा. आयएस २०६२ नुसार ई२५० आणि ई३५० हे ग्रेड नेहमी भेटतात, त्यातला आकडा किमान यील्ड ताकद (ज्या ताणापुढे स्टीलचा आकार कायमचा बदलतो) मेगापास्कलमध्ये सांगतो, आणि दोन्ही प्लेटा डोळ्यांना अगदी सारख्या दिसतात. मोठ्या प्लेटमधून तुकडे कापताना तिच्यावरचा हीट नंबर (मिलमध्ये ती ज्या घाण्यातून तयार झाली त्याचा नंबर) प्रत्येक तुकड्यावर पंच किंवा पेंटने उतरवून घेतला नाही, तर नंतर मिलचे टेस्ट सर्टिफिकेट असूनही ते कोणत्या तुकड्याचे, हे सिद्ध करता येत नाही.

रंगाची नोटही फिटरने वाचली पाहिजे. साईटवर जेथे वेल्डिंग होणार आहे त्या कडा, आणि घर्षणावर काम करणाऱ्या हाय-स्ट्रेंथ बोल्टच्या जोडातले परस्परांना टेकणारे पृष्ठभाग, साधारणपणे रंगाशिवाय ठेवायचे असतात. पेंटरला ड्रॉइंग कोणी देत नाही, त्यामुळे मास्किंग टेप लावून देण्याची जबाबदारी आपोआप फिटरवर येते.

४. ग्रिड, दिशा आणि लेव्हल समजून घ्या

ग्रिडच्या, म्हणजे कॉलमच्या जागा ठरवणाऱ्या, रेघांना एका दिशेने अक्षरे आणि दुसऱ्या दिशेने आकडे असतात. इंग्रजी आय आणि ओ ही अक्षरे बहुधा गाळतात, कारण ती एक आणि शून्यासारखी दिसतात. म्हणून एचनंतर एकदम जे आला की शीट हरवले असे समजू नका. उत्तर दिशेचा बाण प्रत्येक प्लॅनवर शोधा आणि शीट हातात फिरवून त्या बाणाला साईटवरच्या खऱ्या उत्तरेशी जुळवा. ही सवय बालिश वाटते, पण बेस प्लेट नव्वद अंशांत फिरलेला कॉलम एकदा पाहिला की तशी वाटत नाही.

लांबी मि.मी. मध्ये आणि लेव्हल मीटरमध्ये लिहिण्याची पद्धत आहे. लेव्हलच्या आकड्याशेजारची अक्षरे वाचल्याशिवाय तो आकडा वापरू नये. एफएफएल म्हणजे फरशी झाल्यानंतरची पातळी, टीओएस म्हणजे स्टीलचा माथा, टीओसी म्हणजे काँक्रीटचा माथा. आपल्या मेझनाइनचा एफएफएल +४.६५० आहे, स्लॅब १२५ मि.मी. आणि फरशी मसाल्यासह २५ मि.मी. आहे असे धरा. मग बीमचा टीओएस +४.५०० येतो. आर्किटेक्टच्या शीटवरचा ४.६५० हा आकडा पाहून कॉलम कापला, तर तो १५० मि.मी. उंच होईल.

हाच हिशेब खालच्या बाजूने करू. पेडेस्टलचा, म्हणजे कॉलमखालच्या काँक्रीटच्या ठोकळ्याचा, टीओसी –०.३५० आहे आणि त्यावर ५० मि.मी. ग्राउट (बेस प्लेटखाली भरायचे मिश्रण) आहे, म्हणजे बेस प्लेटचा तळ –०.३०० वर येतो. बेस प्लेट २५ मि.मी. जाडीची असल्यास कॉलमचा मूळ सेक्शन –०.२७५ पासून सुरू होतो. माथा +४.५०० असेल तर सेक्शनची लांबी ४७७५ मि.मी. आणि बेस प्लेटसह पूर्ण पीसची उंची ४८०० मि.मी. झाली. असेंब्ली शीटवरचा आकडा यांपैकी कोणता आहे ते पाहा, आणि तिसराच काही दिसला तर थांबा. कॉलमच्या डोक्यावर कॅप प्लेट असेल तर तिची जाडीही याच हिशेबात येते. ग्राउटची जाडी विसरणे हा सर्वांत जास्त आढळणारा दोष आहे. वर्कशॉपमध्ये कोणाला ग्राउट दिसत नाही, म्हणून तो कोणाच्या लक्षातही येत नाही.

५. दृश्य कोणत्या बाजूचे आहे ते तपासा

आपल्याकडे आयटीआय आणि पॉलिटेक्निकमध्ये भारतीय मानकानुसार फर्स्ट अँगल पद्धत शिकवतात, ज्यात वरून दिसणारे दृश्य समोरच्या दृश्याच्या खाली काढतात. स्टीलच्या शॉप ड्रॉइंगमध्ये मात्र वरचे दृश्य वरच ठेवलेले अनेकदा आढळते, कारण अमेरिकी पद्धतीचे थर्ड अँगल आणि डिटेलिंग सॉफ्टवेअर यांचा प्रभाव या क्षेत्रात मोठा आहे. टायटल ब्लॉकजवळ छाटलेल्या शंकूचे आणि दोन वर्तुळांचे छोटे चिन्ह असेल तर त्यावरून पद्धत कळते. ते नसेल तर चित्रातला एखादा एकाच बाजूला असलेला भाग शोधा, उदाहरणार्थ एकाच फ्लॅंजला लावलेली क्लीट, आणि ती दोन्ही दृश्यांत कोठे दिसते ते जुळवा. सेक्शनच्या बाणांकडेही लक्ष द्या: ए-ए या खुणेवरचे बाण ज्या दिशेला तोंड करतात त्या दिशेने पाहिल्यावर जे दिसेल तेच सेक्शनमध्ये काढलेले असते. प्लेटच्या जवळ ‘एनएस’ लिहिले असेल तर ती पाहणाऱ्याकडच्या बाजूला, ‘एफएस’ असेल तर पलीकडच्या बाजूला.

६. आता बीमचे चित्र वाचा, आणि लांबी स्वतः काढा

येथपर्यंत आलात तर चित्र पाहण्यास हरकत नाही. आपला बीम दोन कॉलमच्या मध्ये आहे, ग्रिडचे अंतर ६००० मि.मी. आहे. दोन्ही बाजूंच्या कॉलमची अर्धी खोली, म्हणजे १५० आणि १५०, वजा केली की ५७०० उरतात. क्लीटच्या जोडणीत बीमचे टोक कॉलमला घट्ट भिडवत नाहीत, प्रत्येक टोकाला सुमारे १० मि.मी. मोकळी जागा ठेवतात. म्हणजे बीम ५६८० मि.मी.चा कापायचा. असेंब्ली शीटवर, बिल ऑफ मटेरियलमध्ये आणि तुमच्या कागदावर हाच आकडा आला तर निश्चिंतपणे कापा. बिलात ५७०० आणि चित्रात ५६८० असेल तर कोणता बरोबर, हे मतदानाने ठरवायचे नाही, लिहून विचारायचे.

मापांच्या दोन पद्धती असतात. साखळी पद्धतीत एका भोकापासून पुढच्या भोकापर्यंतचे अंतर लिहिलेले असते. रनिंग पद्धतीत सर्व अंतरे एकाच टोकापासून मोजलेली असतात आणि आकडे वाढत जातात: ४०, १५४०, ३०४०, ४५४०. नवा माणूस यातला १५४० हा आकडा आधीच्या भोकापासूनचा समजतो आणि चौथे भोक बीमच्या बाहेर जाते तेव्हाच त्याला चूक कळते. मार्किंग करताना शक्यतो रनिंग मापेच वापरावीत. टेपचा हुक एकदा टोकाला लावला की तो न काढता सर्व खुणा पंच कराव्यात, कारण दर वेळी टेप उचलला की मिलिमीटरभराची भर पडते आणि बारा भोकांनंतर ती भर जोडणीत अडते.

बिल ऑफ मटेरियलमधला वजनाचा रकाना फक्त खरेदीसाठी नसतो. प्लेटचे वजन काढणे सोपे आहे: दर चौरस मीटरला, जाडीच्या प्रत्येक मि.मी.मागे ७.८५ किलो. ५०० × ५०० × २५ ची बेस प्लेट अशा हिशेबाने सुमारे ४९ किलोची भरते, म्हणजे ती एकट्याने उचलण्याची वस्तू नाही. आपला बीम अडीचशे किलोंच्या आसपास आहे. हे आकडे आधी माहीत असले की हायड्रा क्रेन कोठे उभी करायची आणि कोणता पट्टा वापरायचा याचा निर्णय अंदाजावर राहत नाही.

७. भोके आणि बोल्ट

भोकाचा व्यास आणि बोल्टचा व्यास एक नसतो. आयएस ८००:२००७ नुसार साध्या क्लिअरन्सच्या भोकासाठी एम १६ ते एम २४ बोल्टला २ मि.मी. आणि त्याहून मोठ्या बोल्टला ३ मि.मी. अधिक धरतात, म्हणजे एम २० साठी २२, एम २४ साठी २६ आणि एम ३० साठी ३३ मि.मी. ड्रॉइंगवर भोकाजवळ २० लिहिलेले दिसले तर तो बोल्टचा व्यास आहे की भोकाचा, हे नोट्समध्ये पाहा. लांबट भोक, म्हणजे स्लॉट, ज्या दिशेने लांब दाखवले आहे त्याच दिशेने पाडले पाहिजे, कारण तेथे सरकण्याची मोकळीक डिझाइन करणाऱ्याने मुद्दाम ठेवलेली असते.

कडेपासूनचे अंतर हा एक बारीक पण महत्त्वाचा मुद्दा आहे. त्याच मानकानुसार कड मशीनने कापलेली असेल तर भोकाच्या व्यासाच्या किमान १.५ पट आणि कात्रीने किंवा हाताने गॅसने कापलेली असेल तर किमान १.७ पट अंतर लागते. २२ मि.मी. भोकासाठी हे आकडे ३३ आणि ३७.४ येतात. ड्रॉइंगवर ३५ लिहिलेले आहे आणि डिटेलरने मशीन कटिंग गृहीत धरले आहे, पण मशीन बंद आहे म्हणून तुम्ही हातातल्या टॉर्चने प्लेट कापली, तर आकडा तंतोतंत पाळूनही तुमचा पीस नियमात बसत नाही. साईटवर बोल्ट जात नाही म्हणून गॅसने भोक मोठे करणे हा तर दोषच आहे. तसे करण्याआधी डिझाइन करणाऱ्याची लेखी परवानगी हवी.

८. वेल्डिंगची चिन्हे

बाण, आडवी रेघ आणि त्या रेघेवर बसवलेले चिन्ह, एवढाच हा कारभार आहे, पण गोंधळ सर्वांत जास्त येथेच होतो. त्रिकोण म्हणजे फिलेट वेल्ड, बाण मोडतो तेथले छोटे वर्तुळ म्हणजे चहूबाजूंनी, आणि झेंडा म्हणजे हे वेल्ड साईटवर करायचे. झेंडा न पाहता वर्कशॉपमध्येच वेल्ड मारला की तो पीस गाडीत बसत नाही किंवा उभारताना दुसऱ्या पीसवर आदळतो.

चिन्ह रेघेच्या वर आहे की खाली यावर वेल्ड कोणत्या बाजूला हे ठरते. अमेरिकी एडब्ल्यूएस पद्धतीत रेघेच्या खालचे चिन्ह बाणाच्या बाजूचे असते. आयएसओ पद्धतीत जोडीला एक तुटक रेघ असू शकते. तेव्हा अखंड रेघेवरचे चिन्ह बाणाच्या बाजूचे आणि तुटक रेघेवरचे पलीकडच्या बाजूचे. वेल्डिंग चिन्हांसाठी आपले भारतीय मानक आयएस ८१३ आहे. प्रकल्पात कोणते मानक धरले आहे हे जनरल नोट्समध्ये लिहिलेले असते, आणि नसेल तर ती पहिली शंका म्हणून विचारावी.

आकड्यांतही दोन सापळे आहेत. पहिला: त्रिकोणाच्या डावीकडचा आकडा वेल्डच्या पायाची (प्लेटला चिकटलेल्या बाजूची) लांबी सांगतो की घशाची (कोपऱ्यापासून वेल्डच्या पृष्ठभागापर्यंतची) जाडी? आयएसओ पद्धतीत झेड अक्षर पायासाठी आणि ए अक्षर घशासाठी वापरतात. काटकोनातल्या फिलेटचा घसा पायाच्या सुमारे ०.७ पट असतो, म्हणून ‘ए ६’ लिहिलेले असताना पाय ६ मि.मी.चा ठेवला तर घसा ४.२ मि.मी.चाच मिळतो. दुसरा सापळा तुटक वेल्डचा. एडब्ल्यूएस पद्धतीत ५०-१५० म्हणजे ५० मि.मी.चा वेल्ड आणि एका वेल्डच्या मध्यापासून पुढच्या मध्यापर्यंत १५०, म्हणजे मोकळी जागा १००. आयएसओ पद्धतीत कंसातला आकडा दोन वेल्डमधली मोकळी जागाच सांगतो. एकच आकडा, पण वेल्डची एकूण लांबी वेगळी.

९. संख्या आणि अपोझिट हँड

चाकणच्या एका शेडसाठी आठ कॉलम तयार करायचे होते. शीटवर एकच कॉलम काढलेला होता आणि तक्त्यात लिहिले होते: ४ दाखवल्याप्रमाणे, ४ अपोझिट हँड. मी फक्त एकूण संख्या वाचली आणि आठही कॉलमवर ब्रेसिंगचे, म्हणजे तिरप्या आधाराचे, गसेट (जोडणीच्या प्लेटा) एकाच बाजूला मार्क केले. चार कॉलमचे गसेट गॅसने कापून, ग्राइंड करून पुन्हा लावावे लागले, आणि ते काम रात्रपाळीला बसून मीच केले.

अपोझिट म्हणजे आरशातली प्रतिमा. डोक्यात ती उलटवत बसण्यापेक्षा शीट पालथे करून उजेडासमोर धरावे, मागच्या बाजूने जे दिसते तोच अपोझिट पीस. त्यावरून एक कच्चा आराखडा काढून फिटरला द्यावा आणि दोन्ही प्रकारांना सुरुवातीलाच वेगळा मार्क नंबर घालावा. क्वचित असेही होते की पीस टोकाकडून टोकाकडे फिरवला की अपोझिट आपोआपच मिळतो. तसे असेल तर दोन प्रकार करण्याची गरज नाही, पण हे ठरवण्याआधी बेस प्लेटची भोके आणि मार्किंगची बाजूही फिरवून पाहावी.

१०. साईटवर: अँकर बोल्ट आधी, पीस नंतर

स्टीलची गाडी येण्याआधी अँकर बोल्ट प्लॅन घेऊन फाउंडेशन मोजा. प्रत्येक गटातल्या बोल्टची आपसातली अंतरे, ग्रिडपासूनचे अंतर, बोल्टची काँक्रीटच्या वर निघालेली उंची आणि टीओसी, अशा चार गोष्टी प्रत्येक पेडेस्टलवर नोंदवाव्यात. ग्रिड काटकोनात आहे का हे कर्णावरून कळते: आपल्या ६ मीटर आणि ८ मीटरच्या खणाचा कर्ण बरोबर १० मीटर यायला हवा, आणि चारही कोपऱ्यांच्या दोन्ही कर्णांत फरक नसावा. उभारणीत किती फरक चालतो यासाठी आयएस १२८४३ आणि फॅब्रिकेशनसाठी आयएस ७२१५ ही मानके आहेत. करारात यापेक्षा कडक मर्यादा घातली असल्यास ती लागू होते.

मार्किंग प्लॅनवर बीमच्या एका टोकाला मार्क नंबर लिहिलेला असतो. अनेक ठिकाणी पद्धत अशी असते की पीसवरचा नंबरही त्याच टोकाला रंगवायचा, म्हणजे प्लॅनवर ज्या दिशेला नंबर आहे त्या दिशेला ते टोक जाते. ही पद्धत आपल्या प्रकल्पात पाळली आहे का, हे पहिला पीस उचलण्याआधी वर्कशॉपला फोन करून विचारावे. उभारणीचा क्रम ब्रेसिंग असलेल्या खणापासून सुरू करावा, कारण तो खण स्वतःच्या बळावर उभा राहतो आणि पुढचे कॉलम त्याला धरून उभे राहतात. उभारणीच्या सुरक्षिततेसाठी आयएस ७२०५ आहे. ब्रेसिंग आणि तात्पुरते दोर लागल्याशिवाय, किंवा जोडात पुरेसे बोल्ट बसल्याशिवाय, हायड्राचा हुक सोडू नये. ग्राउट शेवटी भरतात, कॉलम ओळंब्यात आणून नट कसल्यानंतर.

११. शंका कागदावर विचारा

दोन शीट जुळत नाहीत, माप सुटले आहे किंवा पीस बसत नाही, अशा प्रत्येक वेळी आरएफआय, म्हणजे माहितीची लेखी विचारणा, पाठवावी. फोनवर मिळालेले उत्तर दुसऱ्या दिवशी कोणाला आठवत नाही. विचारणेत ड्रॉइंग नंबर, रिव्हिजन, ग्रिड, पीसचा मार्क आणि तुमचा प्रस्ताव या पाच गोष्टी असाव्यात. ‘बीम बसत नाही, कळवावे’ असे लिहिले तर उत्तर यायला आठवडा लागतो. ‘ग्रिड बी-२ ते बी-३, असेंब्ली शीटवर लांबी ५६८०, बिलात ५७००, आम्ही ५६८० धरून कापणार आहोत, उद्या दुपारपर्यंत दुजोरा द्यावा’ असे लिहिले तर बहुधा त्याच दिवशी उत्तर येते, कारण समोरच्याला फक्त हो किंवा नाही म्हणायचे असते. दुजोरा येईपर्यंत मात्र तो बीम कापू नये, दुसरा घ्यावा.

आलेल्या उत्तराची प्रत त्या शीटला टाचून ठेवावी आणि चित्रावर लाल पेन्सिलने बदल करून तारीख व सही घालावी. नवी रिव्हिजन आली की टाचलेले सर्व कागद काढून एकेक बदल नव्या शीटवर उतरला आहे का ते पाहावे. राहून गेलेला बदल नव्या शीटवर पुन्हा लाल करून, त्याच आरएफआयचा नंबर घालून, ते शीट परत पाठवावे.